चौदा नंबरची वेल

१२ डिसेंबर, शुक्रवार

कंपनीत आमच्या द्राक्षाच्या ॲपचा डेमो. बागायतदारांच्या गटातले पंधरा-वीस जण, पुढच्या रांगेत दोन निर्यातदार. पडद्यावर तीस सेकंदांत वेल वाढली. छाटणी, डोळे फुटले, काड्या, पानं, फुलोरा, घड, आणि शेवटी मणी असे चकचकीत की साबणाच्या जाहिरातीत शोभावेत. मागे सतार वाजत होती. माझ्या वेलीला सतार कोणी लावली?

पानांवर एक डाग नाही. भुरी नाही, कीड नाही, उन्हाने करपलेली एक कड नाही. खाली रिसेप्शनमध्ये भिंतीवर प्लॅस्टिकची द्राक्षं लटकवलीत, धूळ बसलेली, ती जास्त खरी वाटतात.

अकरा वर्षं या मॉडेलवर घालवली. त्यात चित्र नव्हतंच. पानाने किती ऊन घेतलं, त्याची साखर किती झाली, त्यातली मुळाला किती, काडीला किती, मण्याला किती, एवढंच. समीकरणं आणि नऊ हिवाळ्यांची मोजमापं. आता सतार.

मग तो आलेख. मॉडेलची रेघ, तिच्यावर गेल्या हंगामात बागेत मोजलेल्या मण्यांचे ठिपके. सगळे रेघेला चिकटलेले. टाळ्या. कौस्तुभने (मालक, वय अडतीस) माझ्याकडे हात करून "मॅडम म्हणजे आमचं फाउंडेशन" असं सांगितलं. फाउंडेशन उठून बाथरूमला गेलं.

मणी असे वागत नाहीत. नऊ हिवाळे मोजलेत मी. एकाच घडातले दोन मणी एकमेकांचं ऐकत नाहीत, आणि हे तीनशे मणी रेघेचं ऐकतात?

१३ डिसेंबर, शनिवार

तोच आलेख जुलैमध्ये आमच्या शोधनिबंधात छापून आलाय. पहिलं नाव माझं, दुसरं निनादचं. म्हणजे पाच महिने हा छापून माझ्या घरात आहे आणि मला काल दिसलं.

श्रीधरला सांगितलं. नवरा माझा, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "जास्त बरोबर आलं म्हणून रडणारी तूच पहिली."

१६ डिसेंबर, मंगळवार

निनादकडे गेल्या हंगामाच्या मोजणीच्या वह्या मागितल्या. वह्या, फाईल नको. बागेत मोजताना पेन्सिलीने लिहितो त्या. चिखलाची बोटं उमटलेल्या.

"मॅम, सगळं डिजिटल केलं ना, वह्या बहुतेक घरी शिफ्टिंगमध्ये..."

पहिला वर्ग मिळवलेला माझा विद्यार्थी, आता कंपनीत. मणी न दाबता कसा मोजायचा हे मी त्याला स्वतः शिकवलंय. 'बहुतेक' म्हणताना तो माझ्या पर्सकडे बघत होता.

१८ डिसेंबर, गुरुवार

फाईल उघडली. तीस वेली, प्रत्येकीचे दोन घड, प्रत्येक घडातले पाच मणी, दर आठवड्याला व्यास. एकही रकाना रिकामा नाही. एकही मणी गळला नाही, एकही पक्ष्याने खाल्ला नाही, एकही घड मजुराच्या कात्रीत चुकून गेला नाही. संक्रांतीच्या दिवशीसुद्धा मोजणी झालेली आहे. माझ्या नऊ वर्षांत एकही हिवाळा असा गेला नाही. तिळगुळाच्या दिवशी निनाद बागेत? त्याची आई त्याला उंबरा ओलांडू देईल का?

२० डिसेंबर, शनिवार

थेऊरच्या अलीकडे, कुंजीरकाकूंच्या बागेत, माझ्या मोजणीच्या तीस वेली तिथेच. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा, म्हणजे दोन वर्षांनी. गुडघ्याचं निमित्त. निमित्तच.

स्वारगेटहून बस. सोलापूर रस्त्याला दोन्ही बाजूंनी इमारती आता पार बागेच्या कुंपणापर्यंत आल्यात. काकूंच्या पुतण्यांनी आपापल्या जमिनी बिल्डरला दिल्या. काकूंनी चार एकर द्राक्षं ठेवलीत आणि येईल त्या बिल्डरला ऊन लागावं म्हणून बाहेर बसवतात.

मला बघून म्हणाल्या, "या. जित्त्या हाय म्हनायच्या तुमी."

गेल्या वर्षी निनाद किती वेळा आला, विचारलं.

"दोनदा. एकदा छाटणीला, एकदा फोटू काढाया. फोटूला पोरगी बी आणली हुती, टोपी घातल्याली."

छापील फाईल घेऊन ओळीने गेले. माझ्या निळ्या चिठ्ठ्या अजून बांधलेल्या. अकरा, बारा, तेरा. मग मोकळी जागा. तिथं कमरेएवढं नवीन रोप. मग पंधरा.

"चौदा कुठंय काकू?"

"तिला खोडकिडा लागला न्हाय का. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात उपटली. चुलीत गेली ती."

फाईलमध्ये चौदा नंबरला गेल्या जानेवारीत दहा मणी आहेत. छान वाढतायत. दुसऱ्या घडातला तिसरा मणी साडेचौदा मिलिमीटर.

बांधावर बसले. काकूंनी पाणी दिलं, तांब्या शेजारी ठेवला.

२२ डिसेंबर, सोमवार

निनादला ऑफिसात नको म्हणून कात्रजला चहाच्या टपरीवर बोलावलं. फाईल पुढे ठेवली.

"चौदा नंबर मेलीय," मी म्हणाले.

"कोण?"

हा शब्द डोक्यातून जात नाही. कोण.

मग सांगितलं सगळं. सुरुवातीला जायचंच होतं. कौस्तुभ म्हणाला आधी ॲप, मग बाग. एक आठवडा चुकला, दोन चुकले. मणी थांबत नाहीत, गेलेला आठवडा पुन्हा मोजता येत नाही. फेब्रुवारीत एका दुपारी बसून मॉडेलकडूनच आकडे काढले आणि 'मोजलेले' या रकान्यात भरले.

"थोडा इकडेतिकडे फरक टाकला मॅम. नाहीतर ओळखू आलं असतं."

म्हणजे मॉडेलनेच मॉडेलची परीक्षा घेतली आणि पहिलं आलं. आणि बक्षीस मी घेतलं.

रडला नाही. रडला असता तर मला सोपं गेलं असतं. बिस्किट चहात बुडवून खाल्लं त्याने, पूर्ण, न तुटू देता. त्या बिस्किटाचीसुद्धा किळस आली. मग म्हणाला, "मॅम, तुम्ही एकदाही वही मागितली नाहीत."

२३ डिसेंबर, मंगळवार

नाही मागितली.

मे महिन्यात तो आलेख घेऊन घरी आला होता. मी किती वेळ बघितला? दहा सेकंद. मग आमरसाचा आग्रह केला. अकरा वर्षांनी ठिपके रेघेवर बसले होते आणि मला ते तसेच हवे होते. कोणी दुसऱ्याने हाच आलेख माझ्याकडे तपासायला पाठवला असता तर पहिल्या मिनिटाला वह्या मागवल्या असत्या. माझ्या वर्गातल्या पोरांना मी यापेक्षा लहान गोष्टींसाठी बाहेर उभं केलंय.

२४ डिसेंबर, बुधवार

कौस्तुभ. काचेची केबिन, वासाची मेणबत्ती, वास कसला तर म्हणे द्राक्षाचा. द्राक्षाला असला वास नसतो.

त्याला माहीत होतं. कधीपासून ते सांगेना. "मॅडम, मूळ मॉडेल तर तुमच्या नऊ वर्षांच्या खऱ्या डेटावर उभं आहे ना? मग एका सीझनचं एवढं काय? सिंथेटिक डेटा जगभर वापरतात."

"वापरतात आणि तसं लिहितात."

"आपण पण लिहू. पुढच्या व्हर्जनमध्ये, खाली बारीक अक्षरात."

गटातल्या चाळीस बागा यंदा या मॉडेलच्या सांगण्यावर पाणी देतायत. गेल्या वर्षीचा आलेख बघूनच ते आले. हे मी म्हटलं तर म्हणतो, "आणि खूश आहेत, मॅडम."

जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही. हसू नये कोणी, पण तिथलं काही हाताला लागू नये असं वाटत होतं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

नियतकालिकाच्या संपादकांना पत्राचा मसुदा. निबंध मागे घ्यावा म्हणून. चार ओळींच्या पुढे जात नाही. 'सहलेखकाने' असं लिहिलं, खोडलं. 'आम्ही' लिहिलं. 'आम्ही' खोडायला पेन टेकवलं. तरी तेच ठेवलं.

श्रीधरने वाचलं. चष्मा काढून म्हणाला, "शुद्धलेखन बरोबर आहे." नंतर बऱ्याच वेळाने: "त्या पोराचं लग्न ठरलंय ना?"

ठरलंय. मे महिन्यात.

३० डिसेंबर, मंगळवार

सकाळी ॲपवर सगळ्या गटाला संदेश: अभिनंदन! आपल्या बागेत मण्यांत पाणी उतरले आहे. आता पाणी कमी करा. बाजूला नाचणारं द्राक्ष.

पाणी उतरणं म्हणजे कडक मणी मऊ पडायला लागतो, साखर भरायला लागते. त्यानंतर पाणी तोडलं तर चालतं, गोडी येते. त्याच्या आधी तोडलं तर मणी बारीक राहतो आणि मग कितीही पाणी द्या, तो कायमचा बारीक.

गेले पंधरा दिवस पुण्यात काय थंडी आहे. मॉडेलला अशा थंडीचा अनुभव नाही. माझ्या नऊ हिवाळ्यांत एवढी सलग थंडी नव्हती. गेल्या वर्षी होती. गेल्या वर्षी कोणी मोजलं असतं तर कळलं असतं.

३१ डिसेंबर, बुधवार

काकूंचा फोन. "बाई, तुमचा मोबाइल म्हनतोय पानी उतरलं. हितं मनी गोट्यावानी हाय. तुमचा मोबाइल खरा का माझं बोट?"

रिक्षा करून गेले. वीस घड दाबून बघितले. एकही मऊ नाही. गोट्याच.

काकूंनी पाणी तोडलं नव्हतं. "मी बोटाचं आईकते." पण शेजारच्या दोघांनी कालच निम्म्यावर आणलंय. बाकीच्यांचं माहीत नाही.

बागेतूनच कौस्तुभला फोन. म्हणाला पुढच्या आठवड्यात अपडेट सोडू, आत्ता सांगितलं तर पॅनिक होईल, आणि आज थर्टी फर्स्ट, टीम नाहीये. मागे गाणी वाजत होती.

माझ्याकडे गटातल्या कुणाचा नंबर नाही. कधी लागलाच नाही, मी फाउंडेशन. काकूंच्या फोनवर गटाचा ग्रुप आहे. काकूंनी बटण दाबून धरलं आणि फोन माझ्या तोंडापुढे आणला, जणू थर्मामीटर.

काय बोलले ते जसंच्या तसं: "मी हे मॉडेल तयार केलं. कालचा संदेश चूक आहे. पाणी तोडू नका, तोडलं असेल तर आजच पूर्ववत करा. मणी बोटाने दाबून बघा, मऊ लागला तरच पुढचं."

दहा मिनिटांनी अंगठे आले. मग एकजण, जुन्नरकडचा: "मग मागल्या वर्षीचा तो आलेख?"

काकू बघत होत्या. मी लिहिलं, "खोटा आहे."

"खोटा म्हणजे चुकला का बनवला?"

"बनवला."

पुढचे मेसेज काकूंनी वाचू दिले नाहीत. "शिव्या हायती. घरी जावा."

२ जानेवारी, शुक्रवार

कंपनीत गेले. माझं कार्ड दाराला चालेना. वॉचमन अत्यंत नम्रपणे, "मॅडम, सिस्टीमचा प्रॉब्लेम असंल." सिस्टीम बरोबर आहे, त्याला म्हटलं.

टेबलातला चष्मा आणि डबा त्याने आणून दिला. डबा डिसेंबरपासूनचा. उघडला नाही, तसाच कचऱ्यात.

ॲपचा दुरुस्त संदेश आलाय म्हणे. 'स्थानिक हवामानामुळे वेळापत्रकात किंचित बदल.' किंचित. चाळीसपैकी सतरा जणांनी पाणी तोडलं होतं. किती दिवसांत पूर्ववत झालं त्यावर मणी ठरणार. काकूंचा शेजारी दोनच दिवस चुकला. जुन्नरकडच्या त्याने ग्रुपवर आलेखाचं विचारलं तेवढंच, पाणी पूर्ववत केलं का ते कळत नाही.

४ जानेवारी, रविवार

निनाद घरी आला. चपला दाराबाहेर ओळीत लावून, पूर्वीसारखा. श्रीधर उठून आत गेला, जाताना "बस" म्हणाला, एवढंच.

राजीनामा दिलाय म्हणाला. मग म्हणाला, "मॅम, यंदाचे मणी अजून बागेत आहेत. मी मोजतो. खरं मोजतो. हंगामाच्या शेवटी आलेख नवा करू."

"आणि जुना?"

"जुन्याच्या जागी टाकायचा. दुरुस्ती म्हणून. फाईल चुकीची लागली होती असं सांगायचं."

उत्तर देण्याआधी मी थांबले. किती वेळ? जेवढा वेळ थांबले त्याची लाज वाटते. मागे घेण्याची गरज नाही, त्याचं लग्न, माझी अकरा वर्षं, सगळं डोक्यातून गेलं. फार व्यवस्थित गेलं, एका रेघेत.

म्हटलं, मोजायला ये. बाकीचं बोलू नकोस.

पत्राचा मसुदा त्याच्यापुढे ठेवला. खाली दोन सह्यांची जागा. माझी केली. त्याने पेन उचललं, ठेवलं. "मोजून झाल्यावर मॅम."

५ जानेवारी, सोमवार

सात वाजता बागेत. एकोणतीस वेली. व्यास दर सोमवारी, मणी मऊ पडलेत का ते रोज. निनादने चौदाव्या वेलीच्या जागी थांबून रोपाकडे बघितलं, मग पंधरा नंबरला गेला. आकडे तो सांगतो, मी लिहिते. वही माझ्याकडे राहते. तसं स्पष्ट सांगितलं त्याला. मान हलवली.

काकू लांबून बघतात. "ह्यो फोटूवाला का?"

११ जानेवारी, रविवार

आज पहिला मऊ मणी. सात नंबर, उन्हाच्या बाजूचा घड. निनादनेच दाबला, मला बोलावलं. अख्ख्या घडात तो एकच. ॲपच्या तारखेपेक्षा बारा दिवस उशिरा. त्याच्या तोंडावर आनंद दिसला, खरा, पहिल्या वर्षी दिसायचा तसा. मला तो बघवेना. त्याच्यासाठी वाईट वाटायला लागलं की मला स्वतःचाच राग येतो.

१९ जानेवारी, सोमवार

चार मणी गळले, दोन पक्ष्यांनी, एक घड मजुराने विरळणीत काढला. वहीत रिकामे रकाने. किती बरं वाटलं ते रिकामे रकाने बघून.

काकूंच्या शेजाऱ्याचे मणी काकूंच्या मण्यांहून नजरेला कळण्याइतके बारीक. बांधावर उभा होता. मी नमस्कार केला. त्याने केला, मग हात धुऊन येतो म्हणाला आणि आलाच नाही.

२८ जानेवारी, बुधवार

घरी मॉडेलमध्ये यंदाची थंडी घातली. एक जागा सापडली. रात्रीचं तापमान फार उतरलं की मण्याची वाढ थांबते, ते मी फारच सौम्य धरलं होतं. एक आकडा बदलला. रेघ बारा दिवस सरकली आणि यंदाचे ठिपके तिच्या आजूबाजूला पसरले. नीट पसरले, वरखाली, जसे पसरायला हवेत.

म्हणजे मॉडेल बरं आहे. मूळ कल्पना बरोबर आहे. हे कळल्यावर मी आनंदाने उठायला हवं होतं. मी संगणक बंद केला आणि हात धुतले.

कारण आता निनादचं म्हणणं अगदी शक्य आहे. नवा आलेख जुन्यापेक्षा चांगला दिसेल. संपादक विचारणार नाहीत. खरं खोट्याच्या जागी अलगद बसेल आणि खोटं कधी होतंच नाही असं होईल. जुन्नरकडच्या माणसाचे मणी तेवढे बारीक राहतील.

३१ जानेवारी, शनिवार

जुन्नरकडच्याचा फोन. काकूंनी नंबर दिला. नाव भास्करराव. शिवी नाही. आवाज शांत, म्हणून जास्त लागला.

"आमचा माल यंदा निर्यातीत बसत नाही. लोकल जाईल, ते मी बघून घेईन. मला एवढंच सांगा, तुम्ही ग्रुपवर जे लिहिलं ते कुठं छापणार का? का आमच्या ग्रुपपुरतंच खरं होतं?"

"छापणार," म्हणाले.

"कधी?"

१ फेब्रुवारी, रविवार

निनादला फोन केला. सहीचं विचारलं. आधी उद्याच्या मोजणीचं बोलला. मग, "आईला अजून सांगितलेलं नाही मॅम. मुलीकडच्यांनाही नाही. हंगाम संपू दे ना. दोन आठवडे."

दोन आठवडे. मागे हेच म्हणाला असेल स्वतःला. एक आठवडा चुकला, दोन चुकले.

पण रोज सातला येतो. एकदाही चुकला नाही. काल त्याला ताप होता तरी. हे सगळं एकाच माणसात कसं मावतं ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही होत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मसुद्यात बदल. 'आम्ही'च्या जागी 'मी' असं सगळीकडे करून बघितलं. मग पत्र नुसतं माझं होतं, पण फाईल कोणी भरली हे संपादक विचारणारच. एकटीच्या सहीने गेलं तर त्याचं नाव मी घेतल्यासारखं. त्याच्या सहीसाठी थांबले तर भास्कररावांना मी खोटं बोलले.

श्रीधर म्हणाला, "तू पाठवायचं ठरवलंयस. फक्त त्याने आधी करावं म्हणून थांबलीयस."

चहा केला, त्याला दिला नाही. मग दिला.

८ फेब्रुवारी, रविवार

ईमेल तयार. एकटीची सही. सोबत चौदा नंबरच्या रकान्याचं चित्र, नवीन रोपाचा फोटो. पाठवा हे बटण समोर आहे, दुपारपासून.

उद्या शेवटची मोजणी, आज पाठवलं तर निनाद येईल का कोण जाणे. परवापासून काकूंची काढणी सुरू.

संध्याकाळी काकूंचा फोन. शेवटचा दिवस म्हणून जेवून जा म्हणतात, हुरड्याचं थालीपीठ आणि भाकरी.

"भाकरी दोघांची टाकू का तुमची एकटीची?"

म्हटलं, सकाळी सांगते.

"सकाळी मी थापायला बसलेली असंन, बाई. आत्ताच सांगा."